सगळ्यांवर सारखं प्रेम करायचं, मग आईचं काय?

बायबलमधली दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिलं लूकच्या चौदाव्या अध्यायातलं, येशू म्हणतो की जो माझ्याकडे येतो पण आईबाप, बायको, मुलं, भाऊबहिणी आणि स्वतःचा जीव यांचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही. दुसरं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं, जो आपल्या माणसांची आणि त्यातही घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट. दोन्ही एकाच नव्या करारात आहेत, दोन्हींवर प्रवचनं होतात, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात जो गोंधळ व्हायचा तो होतोच की बाबा नक्की करायचं काय, घरच्यांना धरायचं का सोडायचं?

ख्रिस्ती नीतिशास्त्रात हा वाद सोळाशे वर्षांहून जास्त काळ चाललाय आणि अजून मिटलेला नाही. देव सगळ्यांवर सारखं प्रेम करतो, तुम्हीही तसंच करा, अगदी शत्रूवरसुद्धा, अशी आज्ञा आहे. आणि प्रत्यक्षात आपण सगळेच आईवर, पोरांवर, नवराबायकोवर, जिवलग मित्रावर जास्त प्रेम करतो आणि त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही, उलट जो करत नाही त्याला आपण नावं ठेवतो. मग हे 'जास्त' म्हणजे नक्की काय? पाप आहे, माणसाच्या कमकुवतपणाला दिलेली सवलत आहे, का कर्तव्यच आहे? तिन्ही उत्तरं देणारे मोठे लोक होऊन गेलेत आणि मजा म्हणजे तिघंही त्याच बायबलवर बोट ठेवतात.

आणि हे नुसतं चर्चमधल्या लोकांपुरतं नाहीये. आपल्याकडे 'जे का रंजले गांजले' अर्ध्या महाराष्ट्राला पाठ असतो, पण त्याच अभंगात पुढे 'दया करणे जे पुत्रासी, तेचि दासा आणि दासी' अशी ओळ आहे तिथे कुणी थांबत नाही. स्वतःच्या पोराला जी माया तीच घरातल्या गड्याला आणि मोलकरणीला. आता खरं सांगा, कोण करतं? ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, ते उगाच नाही म्हणायचे. टिळकांकडे पुढे येतोच.

आधी येशू स्वतः कसा वागला ते बघू, कारण फिरून सगळे तिथेच येतात. डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो की देव आपला सूर्य वाईटांवर आणि चांगल्यांवर सारखाच उगवतो, आणि तुमच्यावर जे प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रेम केलंत तर काय मोठं केलंत, जकातदारही तेवढं करतात. (जकातदार म्हणजे त्या काळी परक्या सरकारसाठी वसुली करून वर स्वतःचे खिसे भरणारे, समाजात सगळ्यात बदनाम. थोडक्यात तेवढं तर कुणीही करतं.) मार्कच्या तिसऱ्या अध्यायात आई आणि भाऊ दाराशी येऊन उभे राहतात, आत निरोप जातो, आणि हा समोर बसलेल्या लोकांकडे बघून म्हणतो, कोण माझी आई, कोण माझे भाऊ, देवाच्या इच्छेप्रमाणे वागतो तो माझा भाऊ, ती माझी बहीण, ती माझी आई. बाहेर उभ्या असलेल्या मरियेला काय वाटलं असेल ते मार्कने लिहिलेलं नाही.

पण हाच माणूस चार अध्याय पुढे धर्मपंडितांवर भडकतो ते कशावरून? तर त्यांनी एक पळवाट काढून दिली होती, मुलाने सांगायचं की माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं होतं ते मी देवाला अर्पण केलंय, आणि मग म्हाताऱ्या आईबापाला काही द्यायची जबाबदारी संपली. कर्बान म्हणायचे त्याला. येशू म्हणतो की आईबापाचा मान राख ही देवाची आज्ञा तुम्ही देवाचंच नाव घेऊन मोडताय. मला विचाराल तर या सगळ्या विषयात कर्बानचा हा उतारा सगळ्यात कमी वाचला जातो आणि सगळ्यात जास्त वाचला गेला पाहिजे. मोठ्या पवित्र कामाच्या नावाखाली घरच्यांना वाऱ्यावर सोडणारे प्रत्येक धर्मात आणि प्रत्येक चळवळीत सापडतात.

आणि वधस्तंभावर, मरता मरता, तो आईला एका शिष्याच्या हवाली करतो, की आता हा तुझा मुलगा आणि ही तुझी आई. जगाच्या तारणाचं काम चालू असताना म्हातारीच्या राहण्याखाण्याची सोय. शिवाय त्याला जवळची माणसंही होती, बारा शिष्यांतले तिघे, पेत्र, याकोब आणि योहान, कायम सोबत असायचे. लाजर नावाचा मित्र वारला तेव्हा तो रडला आणि बघणारे म्हणाले, बघा याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. त्या काळात रोज कितीतरी माणसं मरत असणार, सगळ्यांसाठी तो रडला असं कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे लूकमधला 'द्वेष' शब्दशः धरून चालत नाही, मत्तयाने तेच वाक्य 'माझ्यापेक्षा जास्त प्रेम करतो तो' अशा रूपात दिलंय. पहिला नंबर देवाचा, एवढाच मुद्दा. बाकीच्यांचे नंबर कसे लावायचे, किंवा लावायचेच नाहीत, ते तिथे सांगितलेलं नाही आणि तिथूनच पुढचं सगळं रामायण सुरू होतं.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट माहीत असेलच. यरुशलेमहून यरीहोला जाताना एकाला लुटारू अर्धमेला करून टाकून जातात, याजक बघून पलीकडून निघून जातो, लेवी म्हणजे मंदिरातला सेवेकरी, तोही जातो, आणि ज्यांच्याशी यहुद्यांचं पाणीसुद्धा चालत नव्हतं त्यातला एक शोमरोनी थांबतो. गोष्ट निघते एका प्रश्नावरून, माझा शेजारी कोण? म्हणजे विचारणाऱ्याला यादी हवी होती, कुणापर्यंत प्रेम करायचं आणि कुठे थांबलं तरी चालेल. येशू शेवटी प्रश्नच उलटवून विचारतो की त्या पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण त्या शोमरोन्याने पुढे काय केलं ते नीट बघा. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्र काढली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणाला याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो, आणि आपल्या वाटेला लागला. त्याने त्या माणसाला घरी नेलं नाही, आयुष्यभराचं नातं जोडलं नाही, स्वतःचं काम सोडलं नाही, घरी बायकोपोरं असतील तर त्यांच्याकडे तो गेलाच असणार. सगळ्यांवर प्रेम म्हणजे चोवीस तास सगळ्या जगाचं ओझं असं या गोष्टीत दिसत नाही. दिसतं ते एवढंच की वाटेत जो आडवा आला त्याची गरज भागेपर्यंत 'हा माझ्यातला नाही' हे कारण चालणार नाही.

आता ऑगस्टीन. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप, 354 ते 430. त्याने सरळ लिहून टाकलं की सगळ्या माणसांवर सारखंच प्रेम करायचं, पण सगळ्यांचं भलं करणं तुम्हाला जमणार नाही, म्हणून जागा, वेळ किंवा दुसऱ्या कुठल्या योगायोगाने जे तुमच्या जास्त जवळ आलेत त्यांच्याकडे आधी बघा. तो म्हणतो समजा तुमच्याकडे एकालाच देता येईल एवढं जास्तीचं आहे आणि दारात दोघं आलेत, दोघांची गरज सारखी, दोघांशी तुमचं नातंही सारखं, तर चिठ्ठी टाकण्यापेक्षा न्यायाचं दुसरं काय करणार? मग पुढे म्हणतो की तुमची जवळची माणसं म्हणजे अशीच चिठ्ठीत निघालेली माणसं समजा.

बघा हे किती वेगळं आहे. माझी आई माझी आहे ती काही जगातल्या सगळ्या आयांमध्ये श्रेष्ठ म्हणून नाही, चिठ्ठीत ती निघाली. इलेक्शन ड्युटी लागते तसं. शिक्षकाला ज्या बूथवर टाकलं तिथले मतदार काही शेजारच्या बूथवाल्यांपेक्षा जास्त मोलाचे नसतात, पण त्याची जबाबदारी तेच, आणि ते सोडून तो गावभर सगळ्या बूथची काळजी करत फिरला तर कुणाचंच मतदान धड होणार नाही. यात माणसांच्या मोलात फरक नाही, फरक आहे कामाच्या वाटणीत.

या मांडणीचा मोठा फायदा म्हणजे गर्व मोडतो. आपली माणसं, आपली जात, आपला देश हे सगळं चिठ्ठीत निघालंय म्हटल्यावर छाती फुगवायला काही उरत नाही. पण तोटाही तिथेच आहे. ड्युटी म्हणून प्रेम करणारी आई कुणाला हवी असते? आजारपणात बायको उशाशी बसलीये आणि तुम्हाला कळलं की ती मनातून म्हणतेय, प्रेम तर मी सगळ्यांवर सारखंच करते, तुझी ड्युटी माझ्याकडे आलीये एवढंच, तर कसं वाटेल?

खुद्द ऑगस्टीनलाही ते जमलं नाही. 387 साली ओस्तियाला त्याची आई मोनिका वारली तेव्हा अंत्यविधीत त्याने रडू दाबून धरलं, नंतर एकटा असताना बांध फुटला, आणि ते लिहिताना तो वाचणाऱ्याला विनवतो की ज्या आईने माझ्यासाठी वर्षानुवर्षं आसवं गाळली तिच्यासाठी मी थोडा वेळ रडलो तर हसू नका मला. (दुसरीही बाजू सांगायला हवी. ज्या बाईबरोबर तो बरीच वर्षं राहिला, जिच्यापासून त्याला मुलगा झाला, तिला पुढे दुसरं चांगल्या घरातलं लग्न ठरलं म्हणून परत पाठवलं, आणि एवढं सगळं आत्मचरित्र लिहिलं त्यात तिचं नाव एकदाही नाही. चिठ्ठीत तीही निघाली होती.)

आठशे वर्षांनी थॉमस अक्वायनस नावाचा धर्मपंडित आला आणि त्याने हीच शंका घेतली. तो म्हणतो काही जण सांगतात की मनातलं प्रेम सगळ्यांवर सारखं ठेवायचं आणि फरक फक्त बाहेरच्या मदतीत करायचा, पण हे पटण्यासारखं नाही. प्रेमातच क्रम असतो, मनातही, आणि तो देवानेच घातलेला आहे. आगीचा स्वभाव वर जायचा तसा माणसाचा स्वभाव आपल्या माणसांकडे जास्त ओढ घ्यायचा, आणि देवाची कृपा स्वभाव मोडायला येत नाही, तो पूर्ण करायला येते. मग त्याच्या सवयीप्रमाणे तो मुद्देसूद बसतो, आपल्या मोठ्या ग्रंथात यावर तब्बल तेरा प्रश्न काढतो. चांगल्या माणसावर जास्त प्रेम करायचं का जवळच्या? बापावर जास्त का मुलावर? आईवर का बापावर? बायकोवर का आईबापावर?

काही उत्तरं आज वाचवत नाहीत. आईपेक्षा बापावर जास्त प्रेम करावं म्हणतो कारण जन्म देण्यात खरी कर्तबगारी बापाची आणि आई नुसती साहित्य पुरवते, हे त्या काळचं ॲरिस्टॉटलकडून आलेलं जीवशास्त्र, ते कधीच कालबाह्य झालंय. पण बायको का आईबाप हे उत्तर आपल्या सासू-सून सीरियलवाल्यांनी वाचावं असं आहे, म्हणतो आदर आईबापांना जास्त, उत्कटता बायकोसाठी जास्त. दोन्ही जास्त, पण वेगवेगळ्या मापात.

माझ्या मते अक्वायनसचं खरं काम इथेच आहे. तो एकच शिडी लावत नाही की आई पहिल्या पायरीवर, भाऊ दुसऱ्या, गाववाला तिसऱ्या आणि परदेशी तळाला. तो म्हणतो प्रत्येक नात्याचं आपलं एक क्षेत्र असतं, जन्माच्या आणि पालनपोषणाच्या बाबतीत रक्ताचे नातेवाईक, नागरिक म्हणून करायच्या गोष्टीत सहनागरिक, लढाईत बरोबरचे सैनिक. म्हणजे सरकारी टेबलावर बसलेला माणूस पुतण्याची फाइल आधी काढत असेल आणि वर 'आपलं माणूस आधी' म्हणत असेल तर अक्वायनस त्याच्या मदतीला येणार नाही, कारण त्या टेबलावर पुतण्या हा फक्त एक नागरिक आहे.

आणि आणखी एक गोष्ट, जी 'आपले आधी' म्हणणारे हमखास गाळतात. त्याच ग्रंथात थोडं पुढे, परोपकारावर लिहिताना तो म्हणतो की बाकी सगळं सारखं असेल तर जवळच्याला आधी मदत करा, पण एखादा परका माणूस अगदी टोकाच्या गरजेत असेल आणि स्वतःचा बाप तेवढ्या अडचणीत नसेल तर बापाला बाजूला ठेवून त्या परक्याला मदत करायला हवी. नातं महत्त्वाचं, पण गरज नात्याला ओलांडू शकते. मग गरज किती मोठी आणि नातं किती जवळचं, हे दोन्ही एकदम समोर आलं तर? तिथे तो कबूलच करतो की याचा सरसकट नियम सांगता येत नाही, गरजेच्याही पायऱ्या असतात आणि नात्याच्याही, शहाण्या माणसाने प्रसंग बघून ठरवावं. तेरा प्रश्न पाडणारा माणूस इथे नियम द्यायला नकार देतो हे मला फार आवडतं.

आता तिसरा, आणि सगळ्यात कडक, डेन्मार्कचा तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्द. 1847 साली त्याने प्रेमावर आख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हणतो की नवराबायकोचं प्रेम आणि मैत्री, ज्याचे आपण एवढे गोडवे गातो, ते बऱ्याच अंशी लपवलेलं स्वप्रेमच असतं. का? कारण त्यात मी निवडतो. जगातून एक माणूस मी माझ्या आवडीने उचलतो, तो जणू दुसरा मीच, आणि त्याच्यावर जीव टाकतो म्हणजे फिरून स्वतःवरच. शेजारी मात्र मी निवडत नाही. तो म्हणतो प्रार्थनेसाठी लावलेलं दार उघडून बाहेर पडा, पहिला जो माणूस दिसेल तो तुमचा शेजारी. आणि म्हणून हे प्रेम आज्ञा म्हणून करता येतं, आवड बदलली तरी ते बदलत नाही.

हे वाचून बायकोला सोडा असा अर्थ काढायचा नाही. तो म्हणतो बायको आधी तुझी शेजारी आहे, मग बायको. म्हणजे लग्न झालं म्हणून ती तुझ्या मालकीची वस्तू होत नाही, देवासमोर ती तुझ्याइतकीच स्वतंत्र माणूस, आणि तेवढा मान तर रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही द्यायचाय. किती घरांमध्ये बाहेरच्यांशी गोड बोलणारा माणूस घरात आल्यावर ओरडायला लागतो, त्या घरांना किर्केगार्दचं हे एक वाक्य पुरेसं आहे. (त्याने स्वतः रेगीनशी ठरलेलं लग्न 1841 मध्ये मोडलं होतं आणि जन्मभर तिला विसरला नाही, त्यामुळे याच्याकडून संसाराचं कौतुक फारसं होणार नव्हतंच.) स्वप्रेमाबद्दल त्याचं अर्धं बरोबर आहे असं मला वाटतं. आपलं ते बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, यात बाब्यावरचं प्रेम किती आणि 'आपलं' या शब्दावरचं किती हे ज्याने त्याने तपासून बघावं. पण तो आवडीलाच संशयाच्या पिंजऱ्यात उभं करतो तेव्हा लाजरसाठी रडणारा येशू त्याच्या हिशोबात कुठे बसवायचा हे मला समजत नाही.

इथपर्यंत वाचून असं वाटेल की एक बाजू सगळ्यांची आणि एक बाजू आपल्यांची, आणि ओढाताण चालू आहे. म्हणून एक खरी घडलेली गोष्ट सांगतो.

जुलै 1941 चा शेवट, आउशविट्झचा कॅम्प. एक कैदी पळाला म्हणून नाझींनी दहा जणांना उपाशी मारायला निवडलं. त्यातला फ्रान्सिशेक गायोव्निचेक नावाचा पोलिश सैनिक ओरडला, माझी बायको, माझी मुलं. रांगेतून माक्सिमिलियन कोल्बे नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री पुढे आला आणि म्हणाला याच्या जागी मला घ्या, मी कॅथलिक पाद्री आहे, याला बायकोमुलं आहेत. अधिकाऱ्याने अदलाबदल मान्य केली. दोन आठवडे तळघरात अन्नपाण्यावाचून काढल्यावरही कोल्बे जिवंत होता, तेव्हा 14 ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्याला मारलं.

कोल्बेचं या माणसाशी काही नातं नव्हतं, शुद्ध परक्यावरचं प्रेम, किर्केगार्दने टाळ्या वाजवाव्यात असं. पण त्याने कारण काय दिलं बघा. याला बायकोमुलं आहेत. म्हणजे सगळ्यांवर सारखं प्रेम करणाऱ्या माणसाने निर्णय घेताना दुसऱ्याच्या खास नात्याला किंमत दिली. बाप आणि मुलं हे नातं काहीतरी मोलाचं आहे, वाचवण्यासारखं आहे, हे त्याला मान्य नसतं तर त्याच्या बोलण्याला अर्थच उरला नसता. परक्यावर प्रेम करायचं म्हणजे त्याच्या 'आपल्या माणसां'सकट त्याच्यावर प्रेम करायचं, कारण तो परका काही हवेत लटकत नसतो, तोही कुणाचा तरी बाप असतो. गायोव्निचेक कॅम्पमधून वाचला, बायकोला भेटला, मुलं मात्र युद्धाच्या शेवटी बाँबहल्ल्यात गेली. 1982 मध्ये कोल्बेला संत घोषित केलं तेव्हा तो रोममध्ये हजर होता आणि 1995 पर्यंत जगला.

तुकोबांच्या त्या ओळीतही हेच आहे, नीट बघितलं तर. दासाला दया किती करायची, तर पोराला करतो तेवढी. माप पोरावरून घेतलंय. ज्याला पोराची माया माहीत नाही त्याला ही ओळ काय सांगणार?

आता आपल्याकडच्या लोकांकडे येऊ. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढे दुष्काळातल्या शेकडो मुलीबायका केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. विधवा बाई, एकच मुलगी, मनोरमा. त्यांनी मुलीला वेगळं कोपऱ्यात सुरक्षित ठेवलं नाही, ती मोठी होऊन त्याच कामात आली, शाळेची जबाबदारी घेतली, आणि 1921 मध्ये आईच्या आधी वारली, रमाबाई पुढच्या वर्षी गेल्या. एकुलत्या मुलीला आईच्या वाट्यातलं किती मिळालं आणि इतर शेकडो मुलींमध्ये किती वाटलं गेलं हे बाहेरून मोजणारे आपण कोण, पण प्रश्न पडतो. मदर तेरेसांचंही तसंच, 1928 मध्ये अठराव्या वर्षी घर सोडलं आणि आई परत कधी दिसली नाही, नंतर आई अल्बानियात अडकली, 1972 मध्ये तिराना इथे वारली.

टिळकांचं तर घरच फुटलं. 1895 च्या फेब्रुवारीत ना. वा. टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई, सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, जिवंत नवरा असताना एकटी पडली. लूकचा चौदावा अध्याय पुस्तकात वाचणं वेगळं आणि तो आपल्या संसारावर येऊन आदळणं वेगळं. चार-पाच वर्षांनी त्या स्वतःच्या विचाराने, कुणी ढकललं म्हणून नाही, ख्रिस्ती झाल्या. आणि त्यानंतरचा संसारही कसा, टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, समोर गरजू दिसला की दिला, आणि घरात उद्या चूल कशावर पेटणार हे बघायचं लक्ष्मीबाईंनी. त्यांच्या आठवणी वाचताना आपण खूप हसतो, त्या लिहितातच तशा मिश्किल, पण जरा थांबून विचार करा, जगावर प्रेम करणाऱ्या कवीचं बिल कोण भरत होतं?

हा मुद्दा अभ्यासकांच्या ध्यानात फार उशिरा आला. 1960 साली व्हॅलरी सेव्हिंग नावाच्या अमेरिकन बाईंनी एक लेख लिहिला की आपले सगळे धर्मपंडित पुरुष आहेत, त्यांना माणसाचं मुख्य पाप गर्व आणि स्वार्थ वाटतं, म्हणून ते सगळ्यांना सांगतात स्वतःला विसरा, त्याग करा. पण बायकांचा अनुभव उलटा असतो, त्या स्वतःला इतक्या विसरलेल्या असतात की स्वतः म्हणून काही उरतच नाही. त्यांना आणखी त्याग करा सांगणं म्हणजे दुखण्यालाच औषध म्हणणं. माजघरात आयुष्य गेलेल्या आपल्या आज्यांना हा लेख वाचून दाखवला असता तर त्यांनी मान डोलावली असती. बायबलमध्ये शेजाऱ्यावर 'स्वतःसारखी' प्रीती कर म्हटलंय, त्यात स्वतः आहे हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

2025 च्या जानेवारीत हा सगळा जुना वाद एकदम बातम्यांमध्ये आला. अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स, स्वतः मोठेपणी कॅथलिक झालेले, टीव्हीवर म्हणाले की ख्रिस्ती शिकवण अशी आहे की आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देशबांधव, आणि त्यानंतर बाकीचं जग. संदर्भ होता बाहेरून येणाऱ्या स्थलांतरितांचा. लोक तुटून पडल्यावर ते म्हणाले, ऑर्डो अमोरिस गुगल करा, म्हणजे प्रेमाचा क्रम, ऑगस्टीन आणि अक्वायनसवाला. 10 फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहिलं आणि त्यात नाव न घेता सांगितलं की ख्रिस्ती प्रेम म्हणजे हळूहळू बाहेर पसरत जाणारी आपल्या हितसंबंधांची वर्तुळं नव्हेत, खरा क्रम समजून घ्यायचा तर चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवर मनन करा.

मला विचाराल तर क्रम आहे म्हणण्यात व्हान्स चुकलेले नाहीत, अक्वायनसमध्ये तो आहेच. चुकतंय कुठे, तर त्यांनी ती एकच सरळ शिडी केली आणि टोकाच्या गरजेचं वाक्य खिशात ठेवलं. घरातल्यांचं पोट भरलेलं आहे आणि दारात कुणी जिवावर बेतलेलं उभं आहे, तेव्हा आधी घरचे हा क्रम अक्वायनसनेसुद्धा लावला नसता. पण पोपच्या बाजूने नुसत्या टाळ्या वाजवणाऱ्यांनीही कर्बानचा उतारा एकदा वाचावा, कारण मानवजातीवर प्रेम करणं फार स्वस्त असतं, म्हाताऱ्या बापाचं डायपर बदलणं महाग असतं.

आता राहिली खरी अडचण, जी ऑगस्टीनला नव्हती. त्याचा सगळा हिशोब जागेवर आणि वेळेवर उभा होता, जो जवळ आला तो चिठ्ठीत निघाला. आज मोबाईल उघडला की गाझा, सुदान, मराठवाड्यातला पूर, कुठल्या तरी बाळाच्या ऑपरेशनसाठी फिरणारा क्यूआर कोड, सगळेच हाताच्या अंतरावर, स्कॅन केलं की पैसे पोचले. वाटेत आडवा येणारा माणूस आता एक नाही, दर पाच मिनिटांनी नवीन येतो, आणि त्यात खरा कोण खोटा कोण तेही कळत नाही. यावर कुणाकडे तयार नियम असेल असं वाटत नाही. मी स्वतः एवढंच करतो, महिन्याला ठरावीक रक्कम परक्यांसाठी बाजूला काढतो, ती घरात कुणाच्या नवीन फोनसाठी वापरायची नाही, आणि घरच्यांच्या औषधाचे, फीचे पैसे कुठल्याही फॉरवर्डसाठी हलवायचे नाहीत. नातं आणि गरज दोन्ही एकदम अंगावर आली तर त्या दिवशीचं त्या दिवशी बघायचं, बायकोला विचारून.